तंबाखू, कागद आणि काडेपेटी

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या चिखलोलीत नव्या उभ्या राहिलेल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दर दोन-चार महिन्यांनी एक यादी फिरून येते. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला, गुगलचे सुंदर पिचाई, अॅडोबीचे शंतनू नारायण, आयबीएमचे अरविंद कृष्ण. खाली तिरंगे, जोडलेले हात. मग कुणीतरी विचारतंच, ‘यात आपला मराठी माणूस कुठाय?’ त्यावर अर्धा दिवस खल चालतो. मराठी माणूस नोकरीतच रमतो, धोका पत्करत नाही, एकमेकांचे पाय ओढतो, हे सगळं ठरल्याप्रमाणे बोलून झालं की ग्रुप पाण्याच्या टँकरकडे वळतो.

यादी खोटी नाही. पण ती खुर्च्यांची यादी आहे, आणि परदेशात गेलेल्या माणसाची कारकीर्द खुर्चीवरून मोजायला लागलं की सगळ्यात शिकण्याजोगी माणसं हातून निसटतात. सुहास पाटील हे त्यांपैकी एक. ते या यादीत कधीच येणार नाहीत, कारण स्वतः काढलेल्या कंपनीची मुख्य खुर्ची त्यांनी कंपनी जेमतेम उभी राहत असतानाच दुसऱ्या माणसाला दिली.

पाटलांचा जन्म १९४४ सालचा, जमशेदपूरचा. वडील टाटांच्या पोलाद कारखान्यात. आमच्या भागात पाटील म्हटलं की जमीन राखून असलेला, पिढ्यान् पिढ्या जागचा न हललेला गावकरी डोळ्यांसमोर येतो. हे पाटील जन्मापासूनच गावाबाहेरचे. खरगपूरच्या आयआयटीतून ते १९६५ साली इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर झाले. तिथून बोस्टनजवळच्या एमआयटीत गेले (कोथरूडची ती वेगळी), १९६७ साली पदव्युत्तर पदवी आणि १९७० साली डॉक्टरेट मिळवली. काही काळ तिथेच शिकवलं, मग युटा विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी चिप आखण्याची एक पद्धत बसवली. तर्काचे आणि साठवणीचे भाग एकाच जाळीत शिस्तीनं मांडायचे, म्हणजे महिनोन् महिने हातानं रेघोट्या ओढत बसण्याऐवजी आराखड्याचं बरंचसं काम संगणकाकडून करून घेता येतं. या पद्धतीच्या भांडवलावर १९८१ साली सॉल्ट लेक सिटीत ‘पाटील सिस्टिम्स’ निघाली. १९८४ साली ती कॅलिफोर्नियात आली आणि तिचं नाव झालं ‘सिरस लॉजिक’. स्वतःचा चिपचा कारखाना नाही, आराखडा आपला आणि घडवून देणारा दुसरा, अशा रीतीनं चालणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ही एक. आज अर्धं चिप-जग याच रीतीनं चालतं. आधी हार्ड डिस्क चालवणाऱ्या चिपा, मग नव्वदच्या दशकात पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या, आणि पुढे आवाजाच्या. कंपनी आजही आहे.

ही झाली हकिगत. माझं म्हणणं पाटलांच्या एका जुन्या कोड्याच्या आधारानं सांगणं सोपं जाईल.

संगणकशास्त्राच्या वर्गात आजही शिकवलं जाणारं हे कोडं पाटलांनी १९७१ साली मांडलं. तीन विडी-सिगारेटवाले टेबलाभोवती बसलेत. एकाकडे अमाप तंबाखू, दुसऱ्याकडे अमाप कागद, तिसऱ्याकडे अमाप काडेपेट्या. सिगारेट ओढायची तर तिन्ही गोष्टी हव्यात. चौथा माणूस, एजंट, दर खेपेला तिन्हींपैकी कुठल्याही दोन गोष्टी टेबलावर ठेवतो. ज्याच्याकडे उरलेली तिसरी आहे त्यानंच त्या उचलायच्या. कुणी चुकून एकच उचलली तर सगळं अडून बसतं. त्या काळी संगणकातल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांची वाट अडवायला आणि मोकळी करायला डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं रेल्वेच्या सिग्नलवरून सुचवलेलं साधन वापरत. पाटलांचा दावा असा की नुसत्या त्या साधनानं हे कोडं सुटत नाही. पुढे १९७५ साली डेव्हिड पार्नस यांनी दाखवलं की पाटलांनी घातलेल्या अटी जरा सैल केल्या तर सुटतं. कोण बरोबर, हा वाद वर्गात अजून रंगतो.

मला त्यातला एजंट महत्त्वाचा वाटतो. स्थलांतरिताच्या यशाच्या आपल्या गोष्टींत फक्त तंबाखूवाला असतो. त्याची बुद्धी, त्याची मेहनत, खिशातले आठ डॉलर. पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते विनोद धाम १९७५ साली सिनसिनाटीला पोचले तेव्हा त्यांच्याजवळ आठ डॉलर होते, हे त्यांनीच सांगितलंय आणि ते खरंही असेल. पण आठ डॉलर खिशात असलेला हुशार मुलगा १९२५ सालीही होताच की. तेव्हा टेबलावर कागद नव्हता.

कागद म्हणजे इथे अक्षरशः कागद. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली एमआयटीत दाखल झाले. आमच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या. म्हणजे जाण्याची हिंमत मराठी माणसात पहिल्यापासून होती. शिकून परत या, एवढीच त्या देशाची तयारी होती. १९१७ च्या कायद्यानं भारतासह आशियाचा मोठा पट्टा बंद केला. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयाला नागरिकत्व नाकारलं. १९४६ साली दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. ऑक्टोबर १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी देशवार कोटा मोडणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि १९६८ पासून तो पुरता लागू झाला. शिकलेल्या माणसाला आता तिथे राहता येऊ लागलं. पाटील खरगपूरहून बाहेर पडले ते १९६५ साली. चार वर्षं आधी जन्मले असते तर हुशारी तेवढीच राहिली असती; सोय मात्र इतकी नाही. आणि हे दार आपोआप उघडं राहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा हुकूम निघाला, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या ज्यांची मुलं तिकडे जायच्या तयारीत होती त्यांना कागदाची किंमत कुणी समजावून सांगावी लागली नाही.

काडेपेटी म्हणजे विद्या आणि कारखाना. जमशेदपूरबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. ते शहर उभं करणारे तंत्रज्ञ अमेरिकन होते. पोलादाचा कारखाना आखला अमेरिकन अभियंत्यांनी, आणि त्याचे जनरल मॅनेजरही कितीतरी वर्षं तिकडूनच येत. जॉन कीनन हे त्यांतले शेवटले. त्यांनी त्या दिवसांवर १९४३ साली एक पुस्तकही लिहिलं. १९३८ साली जहांगीर घांदी हे पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले. त्यानंतर सहा वर्षांनी सुहास पाटलांचा जन्म. म्हणजे परदेशातून आलेला तंत्रज्ञ-अधिकारी ही जात पाटलांच्या गावी त्यांच्या आधीच नांदून गेली होती, फक्त उलट्या दिशेनं आलेली. अंबरनाथला तरी वेगळं काय होतं? स्वीडनच्या आगपेटी कंपनीनं १९२३ साली काढलेली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, आपली विमको, तिचा कारखाना अंबरनाथला होता आणि सुरुवातीचं व्यवस्थापन स्वीडिश माणसांच्या हाती. (काडेपेटीचा विषय निघाल्यावर अंबरनाथकरानं हे न सांगणं शक्यच नाही.) पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. अप्रेंटिस म्हणून शिरलेली किती मुलं तिथून टर्नर-फिटर होऊन निघाली आणि नंतर आखातात, आफ्रिकेत गेली. त्यांच्या याद्या कोणी फिरवत नाही.

हुशारीला मी कमी लेखतोय असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. पाटलांच्या १९७० च्या प्रबंधाचा विषय होता, ज्यांच्या वेळा एकमेकींशी बांधलेल्या नाहीत अशा घटनांचा मेळ कसा घालायचा. तो विषय त्या काळी हाती घ्यायला वेगळी नजर लागते. पण बुद्धी हा तीनांतला एक ऐवज. उरलेले दोन कोणीतरी टेबलावर ठेवावे लागतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आपल्या पैशानं आयआयटीत शिकले आणि फायदा अमेरिकेला झाला. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. शंतनुराव किर्लोस्करही एमआयटीत शिकले, आणि १९२६ साली परत आले. देशप्रेम होतं, मान्य. पण किर्लोस्करवाडीत वडिलांचा चालता कारखाना वाट पाहत होता, हेही तितकंच खरं. १९७० साली डॉक्टर पाटील चिपचं डोकं घेऊन परतले असते तर कुठे बसले असते? मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये उत्पादन सुरू व्हायला १९८४ साल उजाडलं. १९८९ साली तो कारखाना आगीत जळाला, आणि देशाची चिपमधली उमेद बरीच वर्षं मागे गेली. त्याच १९८९ साली सिरस लॉजिकचे समभाग अमेरिकेच्या बाजारात आले. दोन तारखा शेजारी ठेवल्या की राग कुणावर काढायचा याचा विचार करावा लागतो.

आता खुर्ची. जानेवारी १९८५ मध्ये मायकेल हॅकवर्थ सिरसचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. सिग्नेटिक्ससारख्या जुन्या चिप कंपनीत ते मुरलेले. पाटील अध्यक्ष राहिले, तंत्राची बाजू सांभाळत राहिले. याकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. एक, प्राध्यापकाला आपली मर्यादा कळली, आणि धंदा चालवणारा माणूस त्यानं आणला. दुसरी बाजू कमी सुखाची आहे. त्या काळी सिलिकॉन व्हॅलीत भारतीय म्हणजे कष्टाळू इंजिनिअर, कंपनी चालवणं त्याचं काम नव्हे, असा समज उघड होता. कंवल रेखी यांनी १९८२ साली एक्सेलन ही कंपनी काढली, पण गुंतवणूकदारांनी सुरुवातीला मुख्य पद दुसऱ्यांकडे दिलं. रेखींना ते नंतर मिळालं, १९८७ साली त्यांनी कंपनी बाजारात आणली आणि १९८९ साली नॉव्हेलनं ती घेतली. पाटलांच्या बाबतीत यांतलं काय किती होतं याचा निवाडा मी करत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि स्थलांतरिताच्या आयुष्यात बहुधा असतंच: शहाणपण म्हणून सोडलेली जागा आणि मिळणारच नव्हती ती जागा, यांतला फरक त्याला स्वतःलाही नेहमी सांगता येत नाही.

मोजणाऱ्यांनाही तो कळत नाही. बर्कलीच्या अॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० ते १९९८ या काळात सिलिकॉन व्हॅलीत निघालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी २४ टक्के कंपन्या चिनी किंवा भारतीय माणसं चालवत होती, असा त्याचा निष्कर्ष. हा आकडा आपल्याकडे कौतुकानं सांगतात. पण मोजणी होती मुख्य अधिकाऱ्याच्या आडनावावरून. म्हणजे या हिशेबात हॅकवर्थ यांची सिरस लॉजिक भारतीय धरली जाणार नाही, आणि ती काढणारा जमशेदपूरचा पाटील आकड्याच्या बाहेर राहणार. आपली व्हॉट्सअॅपवरची यादी हीच चूक करते, जरा जास्त तिरंगे लावून.

कारकिर्दीतलं मोठं काम मला त्यांच्या चिपांइतकंच दुसरीकडे दिसतं. १९९२ साली रेखी, पाटील आणि त्यांच्यासारख्या इतरांनी मिळून ‘टाय’ ही संस्था काढली. तिच्या पूर्ण नावात ‘इंडस’ म्हणजे सिंधू आहे, मुद्दाम. भारतीयच नव्हे तर पाकिस्तानी, बांगलादेशी, सगळ्या उपखंडातल्या माणसांना जागा मिळावी म्हणून. काम साधं. आधी पोचलेल्यानं नव्याला भेटायचं, त्याची कल्पना ऐकायची, चुका दाखवायच्या, पटलं तर पैसे घालायचे, आणि मुख्य म्हणजे ओळख द्यायची. ज्यांच्यासाठी कुणी टेबलावर काही ठेवलं नव्हतं किंवा अर्धवट ठेवलं होतं, ते स्वतः एजंट झाले. पुढे नडेला २०१४ साली आणि पिचाई २०१५ साली त्या खुर्च्यांत बसले तेव्हा भारतीय माणूस कंपनी चालवू शकतो का, हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नाही. तो प्रश्न आधीच्या पिढीनं झिजवून संपवला होता.

इथे मराठी मंडळींबद्दल थोडं बोचरं बोलतो. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, पाटील सिस्टिम्सच्याच वर्षीचं. अधिवेशनं, नाटकं, गणपती, दिवाळी अंक हे सगळं त्यांनी जिवापाड जपलं, आणि त्याचं मोल मोठं आहे. अलीकडे अधिवेशनात उद्योजकांसाठीही वेळ राखतात. पण नव्यानं उतरलेल्या मुलाला पहिलं गिऱ्हाईक मिळवून देण्याची रीत तिथे रुजायला फार वेळ लागला. नाट्यसंगीताची मैफल आपण पटकन जमवतो, उधारी देताना मात्र हात आखडतो.

उधारीचा धडा मात्र आमच्या शेजारीच होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, लाखाच्या आसपास माणसं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथल्या वस्तीची कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. बराकींत राहून त्यांनी पापड-लोणच्यांपासून फर्निचर, कपडा, विजेच्या वस्तूंपर्यंत बाजार उभा केला. नव्या माणसाला माल उधार देऊन गाळ्यावर बसवायचं, तो तगला की त्यानं पुढच्याला बसवायचं, ही त्या बाजाराची चाल. ‘टाय’नं कॅलिफोर्नियात केलं ते याहून फार वेगळं नव्हतं, आणि नदीचं नावही तेच. आम्ही काय केलं? ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तीन पिढ्या सांगितला. बनावट शिक्के मारून माल विकणं वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण दुसऱ्याचं यंत्र उघडून, समजून घेऊन, त्याला जुळेल असं स्वस्तात करून विकणं हा संगणकाच्या धंद्याचा पायाच आहे. सिरसच्या चित्रांच्या चिपा आयबीएमच्या व्हीजीए पद्धतीशी जुळत म्हणूनच खपल्या. विनोद धाम यांनी इंटेल सोडल्यावर जे केलं तेही इंटेलच्या चिपशी जुळणारी चिप काढण्याचंच. तिथे त्याला अभियांत्रिकी म्हणतात. बराकीतल्या कारागिरानं केलं की आम्ही नाक मुरडतो. कराचीत १९४७ साली जन्मलेले रोमेश वाधवानी आयआयटी मुंबईत शिकले, अमेरिकेत गेले, आणि त्यांची अॅस्पेक्ट ही कंपनी २००० साली नऊ अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. त्यांचं नाव मात्र आम्ही अभिमानाच्या यादीत बिनदिक्कत घालतो.

आणि पाटलांबद्दल आणखी एक गोष्ट, जी मराठी अभिमानाला जरा अडचणीची आहे. परदेशी होण्याआधी ते परप्रांतीय होते. जमशेदपूर तेव्हा बिहारात. मराठी घर बिहारातल्या कारखान्याच्या गावात वसलं, मुलगा बंगालमधल्या सरकारी संस्थेत शिकला. ‘हा इथला नव्हे’ म्हणून कुणी शाळेच्या दारात अडवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चिखलोलीत आज नेमका कोण परप्रांतीय आहे, हे सांगणं तसं कठीण. २००१ साली बदलापूरची वस्ती ९८ हजारांच्या घरात होती, २०११ ला ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. ही माणसं परळ-लालबागहून, कोकणातून, साताऱ्याकडून, खानदेशातून आली. गावकीचे मूळ लोक सोडले तर आम्ही सगळे आलेलेच. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशन मंजूर झालं तेही आमच्यासारख्या आलेल्यांसाठी. तरी एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा उत्तरेकडचा कामगार चाळीत भाड्यानं राहायला आला की ‘बाहेरचे लोक वाढले’ हे वाक्य बोलणारे आम्हीच. नव्यानं आलेल्याला विरोध करण्यात पहिला नंबर नेहमी शेवटच्या गाडीनं आलेल्यांचा असतो. त्या कामगाराच्या मुलांत एखादं पाटलांसारखं डोकं असेल का? असेलही, नसेलही. तंबाखू कुणाकडे असतो हे आधी कळायचा उपाय नाही, म्हणूनच टेबल मांडून ठेवावं लागतं.

त्या मुलाचा कागद कोणता, ते सांगतो. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा तर रहिवासाचा दुसरा पुरावा नसलेल्या भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. आमच्या भागात अकरा महिन्यांचा करार तोंडी किंवा नोटरीवर भागवतात. नोंदणीचे दीड-दोन हजार वाचतात, भाड्याची रक्कम कागदावर येत नाही, आणि परप्रांतीय भाडेकरू पक्का होत नाही, हा तिसरा फायदा दबक्या आवाजात सांगतात. सोसायटीच्या सभेत हा विषय काढला की मंडळी पार्किंगकडे वळतात, कारण चाळीतल्या त्या खोल्यांचे मालक बहुतेक त्याच सभेत बसलेले असतात.